बांधकामाच्या साइटवर सकाळची सुरक्षा-फेरी कशी मारावी

पुण्यात जेथे टॉवर क्रेन उभ्या असतात अशा मोठ्या प्रकल्पांवर सुरक्षा अधिकारी नेमलेला असतो, फाटकाशी हेल्मेट पाहूनच आत सोडतात आणि रोज सकाळी कामगारांना पाच-दहा मिनिटे सूचना दिल्या जातात. धायरी, आंबेगाव, वडगाव शेरी, मांजरी, मोशी अशा भागांत चार-पाच मजल्यांच्या ज्या इमारती उभ्या राहतात, कोथरूड-एरंडवण्यात ज्या जुन्या सोसायट्या पाडून नव्याने बांधल्या जातात, पेठांत जे वाडे उतरवले जातात, तेथे मात्र हा सगळा भार एकाच माणसावर येतो. तो साइट सुपरवायझर असेल, छोटा ठेकेदार असेल किंवा मुकादम असेल. हे मार्गदर्शन त्याच्यासाठी आहे.

या कामात तीस वर्षे काढल्यावर माझे मत असे झाले आहे की अपघाताचे कारण बहुधा आदल्या संध्याकाळीच तयार होऊन बसलेले असते, आणि काम सुरू होण्यापूर्वी अर्धा तास साइट नीट पायी फिरले तर त्यातील बरेचसे डोळ्यांना दिसते. माझ्या उमेदीच्या काळात एका चार मजली इमारतीवर प्लंबिंगच्या डक्टवर झाकण म्हणून प्लायवूडचा तुकडा टाकलेला होता. सेंटरिंगच्या (काँक्रीट ओतण्यासाठी उभारलेल्या तात्पुरत्या साच्याच्या) सुताराला तेवढ्या मापाचा तुकडा हवा होता, म्हणून त्याने तो संध्याकाळी उचलून नेला. दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्यावर विटांचे घमेले घेतलेल्या एक मावशी त्या बाजूने निघाल्या आणि दोन मजले खाली कोसळल्या. त्या वाचल्या, परंतु कंबरेचे हाड मोडल्यामुळे पुन्हा कधी कामावर येऊ शकल्या नाहीत. काम आठला सुरू झाले होते आणि मी साडेआठला पोहोचलो होतो. त्या दिवसापासून मी साडेसातला साइटवर हजर राहू लागलो.

फेरीला जाताना हातोडी, चार इंची खिळे, सुतळी, खडू आणि एक वही एवढेच सामान पुरते. जी चूक दोन मिनिटांत दुरुस्त होते ती तेथेच दुरुस्त करावी, जी होत नाही तिच्या जागी खडूने मोठी फुली मारून दोर बांधावा आणि वहीत लिहावे. आपली फेरी पूर्ण होईपर्यंत कोणीही वरच्या मजल्यावर जाणार नाही, हा नियम पहिल्या दिवशीच सर्वांना स्पष्ट सांगावा. बीड-लातूर-सोलापूरकडच्या माणसांना मराठी कळते, परंतु कलबुर्गी, बिहार, बंगाल किंवा ओडिशातून आलेल्या टोळीला सूचना तिच्याच भाषेत पोहोचली पाहिजे. त्यासाठी प्रत्येक टोळीतील एक जाणता माणूस हेरून ठेवावा आणि त्याच्याकडून ती सर्वांसमोर वदवून घ्यावी.

खड्डा आणि पाया

फेरी खालून सुरू करावी. पुण्यात बहुतेक ठिकाणी वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा खडक असा क्रम लागतो. खडक लागला म्हणजे बाजू भक्कम झाल्या असे समजण्याची आपल्याकडे सवय आहे, ती घातक आहे, कारण माणसाच्या अंगावर येतो तो वरचा मातीचा आणि मुरमाचा थर. काळी माती उन्हात भेगाळते आणि पावसात फुगून सुटते. खडकाच्या थरांमध्ये कधी लाल, गेरूसारखा मऊ पट्टा निघतो. त्याला पाणी लागले की त्याच्यावरचा भाग घसरू शकतो. जुनी खाण किंवा विहीर बुजवून झालेल्या भरावाचा तर अजिबात भरवसा धरू नये.

दीड मीटरहून अधिक खोल चरात किंवा खड्ड्यात माणूस उतरणार असेल, तर बाजूंना पुरेसा उतार दिलेला असावा किंवा फळ्या-बल्ल्यांचा अथवा लोखंडी आधार असावा. एक घनमीटर मातीचे वजन दीड टनाहून अधिक भरते, आणि छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस डोके बाहेर असूनही गुदमरतो, कारण छाती फुलायला जागाच राहत नाही. उकरलेली माती काठावर रचणे ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. ती काठापासून दीड मीटर किंवा खड्ड्याच्या खोलीच्या निम्मे, यांपैकी जे अंतर जास्त असेल तेवढी दूर टाकावी. सळयांचा ढीग, विटांची थप्पी आणि उभा डंपर यांनाही हेच लागू आहे. रोज सकाळी काठाला समांतर गेलेली बारीक भेग, बाजूतून पाझरणारे पाणी, तळाशी पडलेली ताजी ढेकळे आणि शेजारच्या सीमाभिंतीचा कल या चार गोष्टी पाहाव्यात. त्यांतील एक जरी दिसली, तरी त्या दिवशी माणूस खाली उतरवू नये. रात्री पाऊस झाला असेल तर कोरडे दिसले तरी पुन्हा तपासावे. चढण्या-उतरण्यासाठी शिडी हवी, आणि दुपारी सावलीसाठी चरात जेवायला बसण्याची पद्धत बंद केली पाहिजे. जेसीबी किंवा पोकलेन चालू असताना तिच्या दांड्याच्या टप्प्यात आणि मागच्या बाजूला कोणीही उभे राहता कामा नये. चालकाला मागचे दिसत नाही, म्हणून इशारा देणारा एकच माणूस ठरवून द्यावा.

पायाचा भाग सोडण्यापूर्वी सळयांच्या जाळीकडेही पाहावे. जाड राफ्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या सलग पायात, वरची जाळी लोखंडी घोड्यांवर उभी असते, आणि त्या घोड्या बारीक किंवा विरळ असतील तर वर चढलेल्या माणसांसह जाळी एका बाजूला झोपते. फेब्रुवारी २०२२ मध्ये येरवड्याच्या शास्त्रीनगर भागात रात्री काम चालू असताना लोखंडी जाळी कोसळून पाच मजूर मरण पावले. घोड्यांचे माप आणि अंतर आरसीसी सल्लागाराकडून (इमारतीच्या सांगाड्याचा हिशोब करणाऱ्या इंजिनिअरकडून) लिहून घ्यावे, त्यांना तिरपे आधार द्यावेत आणि जाळीवर सळयांचे भारे एकाच जागी उतरवू नयेत.

विजेचा बोर्ड

साइटवरचा तात्पुरता बोर्ड हा फेरीचा दुसरा थांबा आहे. त्यात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, असलाच पाहिजे आणि त्यावरील चाचणीचे बटण रोज दाबून पाहिले पाहिजे; बटण दाबूनही तो पडत नसेल तर असून नसल्यासारखा आहे. पिन न लावता वायरची टोके काडेपेटीच्या काड्यांनी सॉकेटमध्ये खोचलेली दिसली, तर ती तेथल्या तेथे काढून टाकावीत आणि पिन बसवूनच यंत्र परत द्यावे. काँक्रीट बसवणारा व्हायब्रेटर, मिक्सर आणि क्युरिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओले ठेवण्याच्या, पाण्याचा पंप ही तीन यंत्रे ओल्या हातांनी व ओल्या पायांनी वापरली जातात, म्हणून त्यांची अर्थिंगची वायर विशेष तपासावी. केबल जमिनीवरून, पाण्यातून किंवा सळयांवरून न नेता बांबूच्या खुंट्यांवरून उंच न्यावी.

बाहेरच्या तारांचा धोका याहून मोठा आहे. सळई बारा मीटर लांबीची येते, आणि ती गच्चीवर उभी करून चढवताना रस्त्यावरच्या अकरा हजार व्होल्टच्या तारेला टेकते. पकडणाऱ्याला सुटण्याची संधीही मिळत नाही. माणूस, सळई, शिडी, परांची यांतील काहीही तारेच्या चार मीटरच्या आत जाऊ द्यायचे नाही, हे अंतर मी स्वतः पाळत आलो आहे. तेवढी जागा नसेल तर महावितरणकडे अर्ज करून तार हलवून घ्यावी किंवा कामापुरता पुरवठा बंद करून घ्यावा. १९१२ हा त्यांचा तक्रारीचा क्रमांक बोर्डाच्या दारावर रंगवून ठेवावा.

उंचीवरचे काम

आता मजल्यांवर चढावे, आणि येथे घाई करू नये, कारण साइटवर माणूस दगावतो तो बहुधा पडून. प्रत्येक मजल्यावर आधी कडेने एक फेरा मारावा. ज्या कडेला भिंत आलेली नाही तेथे साधारण एक मीटर उंचीवर एक मजबूत आडवी दांडी, तिच्या निम्म्यावर दुसरी आणि तळाशी पंधरा सेंटिमीटरची पायपट्टी हवी. पायपट्टी नसेल तर कडेवरचा विटेचा तुकडा पायाचा धक्का लागून खालच्या माणसाच्या डोक्यावर जातो. नुसती सुतळी किंवा पिवळी पट्टी बांधणे म्हणजे कठडा नव्हे. दांडीला आपण स्वतः अंग टेकून ढकलून पाहावे.

त्यानंतर भोके पाहावीत. लिफ्टचा खड्डा, प्लंबिंगचे डक्ट, जिन्याची मोकळी बाजू आणि स्लॅबमध्ये सोडलेली चौकोनी जागा अशी प्रत्येक मजल्यावर चार-पाच तरी ठिकाणे असतात. लिफ्टच्या दाराला पूर्ण उंचीची जाळी किंवा निदान दोन दांड्या व फळी हवी. आडव्या भोकावरचे झाकण चारही बाजूंनी खिळलेले असावे आणि त्यावर लाल रंगात ‘खाली भोक आहे’ असे लिहिलेले असावे. सुटे झाकण हे उघड्या भोकापेक्षा वाईट, कारण उघडे भोक दिसते तरी. प्लायवूडचा तुकडा उचलणारा माणूस तो दोन्ही हातांनी छातीसमोर धरतो, त्याला पुढचे दिसत नाही आणि त्याचे पुढचे पाऊल नेमके त्या भोकातच पडते.

परांचीबाबत माझा आग्रह असा आहे की ती बांधणारा माणूस कोण हे नावानिशी ठरलेले असावे आणि त्याच्याखेरीज तिच्यातील एकही क्लिप किंवा बल्ली कोणी काढू नये. प्लास्टर करणारा गवंडी हाताच्या आड येणारी आडवी नळी सोडवतो आणि परत लावायची राहून जाते, हे वर्षानुवर्षे चालत आले आहे. उभ्या खांबांच्या बुडाशी लोखंडी पाट किंवा जाड फळी असावी, कारण भुसभुशीत भरावावर ठेवलेला खांब पहिल्याच पावसात खचतो. परांची इमारतीला ठरावीक अंतरावर बांधलेली असावी, उभे राहण्याच्या फळ्या पूर्ण रुंदीच्या आणि दोन्ही टोकांना बांधलेल्या असाव्यात, आणि चढायला शिडी असावी. शिडीचा पाय भिंतीपासून उंचीच्या एक चतुर्थांश अंतरावर आणि तिचे वरचे टोक पोहोचण्याच्या जागेपासून एक मीटर वर असावे. बांबूची परांची असेल तर काथ्याची दोरी पावसानंतर ढिली पडते की काय, हे प्रत्येक गाठ हलवून पाहावे.

सेफ्टी बेल्ट घालणे आणि तो अडकवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे पहिलीच पुरेशी मानली जाते. कमरेचा पट्टा वापरू नये. पडताना तो पोट आणि मणका दुखावतो. खांदे, छाती आणि मांड्या यांना धरणारा पूर्ण अंगाचा हार्नेसच घ्यावा. त्याचा हुक परांचीच्या नळीला न लावता इमारतीच्या पक्क्या भागाला बांधलेल्या स्वतंत्र दोराला, आणि शक्यतो डोक्याच्या वर, लावावा. यामागचा हिशोब कामगारांना समजावून सांगितला तर ते मनापासून ऐकतात: हुक पायाशी लावला तर दोरीची लांबी, धक्का शोषणाऱ्या पट्टीचे उलगडणे आणि माणसाची स्वतःची उंची मिळून साडेपाच-सहा मीटर मोकळी जागा लागते, म्हणजे पहिल्या मजल्यावरून पडलेला माणूस बेल्ट असूनही जमिनीवर आदळतो. हार्नेसला लटकलेल्या माणसाला लवकरात लवकर खाली घेणेही तितकेच आवश्यक आहे, कारण मांड्यांचे पट्टे आवळून पायांतील रक्त वर यायचे थांबते आणि काही मिनिटांत तो बेशुद्ध होऊ शकतो. शिडी कोण आणणार आणि त्याला धरणार कोण, हे आधीच ठरवून ठेवावे.

सोसायट्यांच्या बाहेरच्या रंगकामात झुल्यावर बसून काम करणारे रंगारी दिसतात. झुल्याचा दोर आणि माणसाचा जीवनदोर हे वेगळे असावेत, दोन्ही वेगवेगळ्या पक्क्या ठिकाणी बांधलेले असावेत आणि गच्चीच्या कडेवर दोर घासू नये म्हणून खाली पोते किंवा रबराचा तुकडा ठेवावा. गच्चीवरची पाण्याची टाकी किंवा सोलरची चौकट ही दोर बांधण्याची जागा नव्हे. सोसायटीच्या समितीने काम देताना हे करारातच लिहून घ्यावे.

सेंटरिंग: नारळ फोडण्यापूर्वी

स्लॅबच्या दिवशी नारळ फुटतो आणि साइटवर उत्सवासारखे वातावरण असते. नारळ फोडण्यापूर्वी सुपरवायझरने खालच्या मजल्यावर जाऊन एकेक टेकू हाताने हलवून पाहावा असे मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो. पाच इंच जाडीचा स्लॅब दहा बाय बारा फुटांच्या खोलीवर ओतला जातो तेव्हा नुसत्या ओल्या काँक्रीटचे वजन साडेतीन टनांच्या आसपास असते. त्यावर सळया, माणसे, व्हायब्रेटर आणि पंपाच्या नळीचे धक्के हे वेगळेच. हे सारे काही तास केवळ टेकूंवर उभे असते. जुलै २०१६ मध्ये बालेवाडीत एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर काँक्रीटचे काम चालू असताना स्लॅब कोसळून नऊ मजूर मृत्युमुखी पडले.

टेकू ओळंब्यात असावेत, त्यांच्या बुडाशी विटांचे तुकडे रचलेले नसावेत, मातीवर उभे असतील तर खाली सलग फळी असावी, आणि उंच टेकूंना मध्यावर दोन्ही दिशांनी आडवे बांध असावेत. लोखंडी टेकूच्या, म्हणजे जॅकच्या, भोकात मूळची पिन असावी. सळईचा तुकडा खोचलेला दिसला तर बदलून घ्यावा. बल्ली जोडून लांब केलेली असेल तर ती बाद समजावी. काँक्रीट ओतताना एकाच जागी ढीग होऊ देऊ नये, आणि त्या वेळी स्लॅबच्या खाली दोन अनुभवी सुतारांखेरीज कोणीही नसावे. त्या दोघांनीही बाजूला उभे राहून पाहावे आणि टेकू वाकताना किंवा करकरताना आढळला तर लगेच वरचे काम थांबवावे. ओला स्लॅब सावरायला आत धावू नये.

सेंटरिंग खोलण्याची घाई हा दुसरा धोका आहे, आणि सेंटरिंगच्या लोखंडी प्लेटांचे भाडे वाचवण्यासाठीच ती केली जाते. साध्या सिमेंटसाठी आणि पंधरा अंशांहून अधिक तापमानासाठी भारतीय मानकाने टेकू काढण्याची जी किमान मुदत दिली आहे ती अशी: साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला सात दिवस, त्याहून मोठ्याला चौदा दिवस, सहा मीटरपर्यंतच्या बीमला चौदा आणि त्याहून लांब बीमला एकवीस दिवस. आपल्याकडे बहुतेक काम पीपीसी, म्हणजे फ्लाय-ॲश मिसळलेल्या, सिमेंटमध्ये होते, जे हळू बळ धरते, आणि डिसेंबर-जानेवारीत पुण्याची रात्र पंधरा अंशांच्या बरीच खाली जाते. म्हणून हिवाळ्यात या मुदतीत भर घालावी आणि किती घालावी हे सल्लागाराच्या सहीने ठरवावे. खोलताना खालची जागा दोर बांधून बंद करावी, आणि काढलेल्या फळ्यांतील खिळे त्याच दिवशी ठोकून किंवा उपटून टाकावेत. तळव्यात घुसलेला गंजका खिळा किरकोळ समजू नये. जखम धुऊन धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यायला पाठवावे.

अंगावरच्या वस्तू

हेल्मेट, बूट आणि हातमोजे यांविषयी सर्वांना माहीत असते, म्हणून येथे थोडेच लिहितो. हनुवटीचा पट्टा न लावलेले हेल्मेट पडताना आधी निघून जाते. काँक्रीटच्या दिवशी गमबूट हवेतच. मिक्सर आणि हॉइस्टजवळ (सामान वर चढवण्याच्या यंत्राजवळ) काम करणाऱ्या बायकांनी पदर खोचून वरून शर्ट घालावा. हॉइस्टच्या बादलीतून माणसाने चढू नये. कॉलमच्या वर आलेल्या सळयांच्या टोकांना टोप्या बसवाव्यात. त्या नसतील तर टोके वाकवून घ्यावीत किंवा त्यांवर आडवी फळी बांधावी.

हळूहळू होणारी इजा

पडलेला माणूस सर्वांना दिसतो, परंतु धुळीने मरणारा माणूस साइट सोडून गावी गेल्यावर मरतो, त्यामुळे त्याची मोजदाद आपल्याकडे होतच नाही. ही गोष्ट मला फार खुपते. काँक्रीट, ग्रॅनाइट, टाइल किंवा कृत्रिम क्वार्ट्‌झचा कट्टा कटरने कोरडा कापताना जी बारीक धूळ उडते तिच्यात सिलिका असते. ती फुप्फुसांत रुतून बसते आणि काही वर्षांनी सिलिकोसिस होतो. तो बरा करणारे औषध नाही, आणि त्या रुग्णाला क्षयरोग होण्याची शक्यताही वाढते. तोंडावर रुमाल बांधल्याने ही धूळ थांबत नाही. कटरच्या पात्यावर पाण्याची धार सोडणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे, फक्त त्या वेळी यंत्र आरसीसीबीवर असले पाहिजे. त्याबरोबर एन-९५ मास्क द्यावा आणि झाडण्यापूर्वी मजल्यावर पाणी शिंपडावे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेल्या माणसाला महापालिकेच्या दवाखान्यात पाठवावे. क्षयरोगाची तपासणी आणि औषधे तेथे मोफत मिळतात.

ओले सिमेंट तीव्र अल्कली असते. ते बुटात किंवा गुडघ्याखाली तासन्‌तास राहिले तर कातडी खोलवर भाजते, आणि सुरुवातीला दुखत नसल्यामुळे लक्षात येत नाही. अंगावर पडताच भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावे, भिजलेला कपडा लगेच बदलावा, डोळ्यात गेले तर किमान पंधरा-वीस मिनिटे पाण्याची धार धरून मग रुग्णालय गाठावे. हात रॉकेलने धुऊ नयेत. सिमेंटची गोणी पन्नास किलोची असते, आणि बांधकाम कामगारांच्या केंद्रीय नियमांत प्रौढ स्त्रीने उचलण्याच्या ओझ्याची मर्यादा तीस किलो ठेवलेली आहे. म्हणजे ती गोणी बाईच्या डोक्यावर देताच येत नाही.

एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो आणि गच्चीवरच्या प्लेटा व सळया हाताला चटका देतात. त्या दिवसांत स्लॅबवरचे काम सकाळी लवकर सुरू करून भर दुपारी सावलीतील कामे द्यावीत, आणि नव्याने आलेल्या माणसाला पहिला आठवडाभर हळूहळू काम वाढवावे. प्रत्येक मजल्यावर पिण्याच्या पाण्याचा माठ असावा. तहान लागेपर्यंत वाट पाहू देऊ नये. चक्कर, पेटके, मळमळ दिसली तर माणसाला सावलीत बसवून जीवनरक्षक द्रावण द्यावे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापून लाल झाले किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात आहे. अशा वेळी तोंडात काहीही न घालता अंगावर पाणी ओतून, वारा घालून, काखेत व मानेला बर्फ लावून आधी शरीर थंड करावे, आणि हे चालू असतानाच १०८ ला फोन करावा.

टाकीत उतरण्यापूर्वी

जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचे काँक्रीट झाल्यावर आतली सेंटरिंग महिनाभर तशीच राहते आणि मग एका सकाळी एखाद्या मुलाला झाकणातून खाली उतरवले जाते. बंद टाकीत साचलेल्या पाण्यात लाकूड कुजते, त्यात प्राणवायू संपतो आणि विषारी वायूही साठतात. उतरलेला माणूस हाक न मारता कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा, आणि अशा घटनांत वाचवायला गेलेलेच जास्त संख्येने मरतात. म्हणून सर्व झाकणे आदल्या दिवशीपासून उघडी ठेवावीत, ब्लोअरने ताजी हवा आत सोडत राहावे, वायुमापक यंत्राने तपासूनच माणूस उतरवावा, त्याच्या अंगात हार्नेस आणि दोर असावा व दोराचे टोक धरणारा माणूस झाकणापाशी सतत उभा असावा. मेणबत्ती खाली सोडून पाहण्याची जुनी रीत विश्वासार्ह नाही, आणि ज्वालाग्राही वायू असेल तर ती जीवघेणी आहे. आतला माणूस कोसळलाच तर दोराने वर ओढावा आणि १०१ वर अग्निशमन दलाला बोलवावे. सुरक्षा साधनांशिवाय सेप्टिक टाकी साफ करायला माणूस उतरवणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तेथे यंत्रच बोलवावे.

पेठांतील वाडा उतरवताना

जुन्या वाड्यांत भिंती मातीच्या असतात आणि त्या लाकडी खांब-तुळयांच्या आधाराने उभ्या असतात. सागवानाला भाव असल्यामुळे लाकूड आधी काढण्याचा मोह होतो, आणि त्याच क्षणी भिंत निराधार होते. उतरवण्याचा क्रम वरून खाली असाच असावा: आधी कौले किंवा पत्रे, मग वासे, मग त्या मजल्याची भिंत हाताने, आणि शेवटी तुळया. भिंतीला शेजारच्या वाड्याची भिंत लागून असते, तिला टेकू दिल्याशिवाय आपली भिंत पाडू नये. पडलेली माती मजल्यावर साठू दिली तर मजला खाली बसतो. छपराचे सिमेंटचे जुने पत्रे ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. ते फोडू किंवा कापू नयेत, ओले करून अख्खे उतरवावेत.

झोपायची जागा

फेरीचा शेवटचा थांबा मजुरांच्या खोल्यांचा आहे, आणि तो कोणीही चुकवू नये. २९ जून २०१९ च्या पहाटेपूर्वी कोंढव्यात पावसाने सीमाभिंत खचून ती खालच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडली आणि झोपेत असलेली पंधरा माणसे गेली, त्यांत मुलेही होती. त्यानंतर तीनच दिवसांनी आंबेगावात तसाच प्रकार घडून सहा जण गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये भोसरीत मजुरांच्या वसाहतीतील पाण्याची तात्पुरती टाकी फुटून पाच जणांचा जीव गेला. यांतील कोणीही त्या वेळी उंचीवर नव्हते की यंत्रापाशी नव्हते.

त्यामुळे खोल्या कोणत्याही भिंतीपासून निदान त्या भिंतीच्या उंचीएवढ्या, आणि शक्य तर दीडपट अंतरावर बांधाव्यात. खोदाईच्या काठावर, उताराच्या पायथ्याशी, नाल्यालगत किंवा क्रेनच्या फेऱ्याखाली त्या नसाव्यात. मे महिन्याच्या अखेरीस प्रत्येक सीमाभिंतीतील पाणी निघण्याची भोके मोकळी करून घ्यावीत, कारण भिंत पडते ती तिच्यामागे तुंबलेल्या पाण्याच्या दाबाने. पाण्याची टाकी चार इंची विटांत स्वतः बांधू नये. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन वजन, तेव्हा तयार प्लॅस्टिकच्या टाक्या बुटक्या, पक्क्या ओट्यावर ठेवणेच बरे. हिवाळ्यात बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नये, हे प्रत्येक कुटुंबाला प्रत्यक्ष भेटून सांगावे. कोळशातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो. क्युरिंगचे साचलेले पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण उपसावे, नाहीतर डेंग्यूचे डास आधी याच खोल्यांत आणि मग शेजारच्या सोसायटीत पोहोचतात.

मुलांना साइटवर मोकळे सोडू नये. पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असतील तर पाळणाघर देण्याची तरतूद १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने केली होती. पुण्यात ‘तारा मोबाइल क्रेशेस’ ही संस्था साइटवर पाळणाघरे चालवते. संख्या कमी असली तरी एक सावलीची, कुंपणाची खोली आणि मुलांकडे पाहणारी एक बाई एवढी सोय पाच-सहा कुटुंबांसाठीही करता येते, आणि त्या बाईंची हजेरी बिगारीएवढीच भरावी.

अपघात झालाच तर

पडलेल्या माणसाला दोघांनी हातपाय धरून उचलणे ही आपली पहिली चूक असते. मणका मोडलेला असेल तर त्या उचलण्याने तो कायमचा अधू होतो. जागेवर दुसरा धोका नसेल तर त्याला हलवू नये, डोके व मान स्थिर धरावी, १०८ किंवा ११२ ला फोन करावा आणि रुग्णवाहिकेला आणायला एक माणूस मुख्य रस्त्यावर उभा करावा, कारण नव्या लेआउटमधील साइट नकाशावर सापडत नाही. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घडी करून जोराने दाबून धरावे. अंगात सळई घुसली असेल तर ती ओढून काढू नये. लांब असल्यास अग्निशमन दलाकडून बाहेरूनच कापून घ्यावी. विजेच्या झटक्यात आधी मेन स्विच पाडावा, मगच माणसाला हात लावावा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यभागी दर मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब देत राहावे, मदत येईपर्यंत थांबू नये. हे वाचून येत नाही. एखाद्या रविवारी डॉक्टरांना बोलावून चार-पाच कामगारांना प्रत्यक्ष शिकवून घ्यावे.

वही आणि नोंदणी

वर्षभरात नव्वद दिवस बांधकामावर काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या कामगाराला महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते. अपघाती मृत्यू, अपंगत्व, उपचार आणि मुलांचे शिक्षण यांसाठीची मदत त्या नोंदणीवर अवलंबून असते. मंडळाचा निधी बांधकाम खर्चावरील एक टक्का उपकरातून येतो, म्हणजे तो पैसा आपल्याच साइटवरून जमा झालेला असतो. अडचण येते ती नव्वद दिवसांच्या दाखल्याची. डांगे चौकात किंवा वारज्याच्या मजूर अड्ड्यावर रोज वेगळ्या ठेकेदाराकडे जाणाऱ्या माणसाला तो कोणी देत नाही. आपल्याकडे दहा दिवस काम केले असेल तर दहा दिवसांचा दाखला लिहून द्यावा. त्यात आपले काही जात नाही. नोंदणीचे नूतनीकरण दर वर्षी करावे लागते, त्याची तारीखही वहीत टिपून ठेवावी.

कामावर इजा झालेल्या माणसाला किंवा त्याच्या वारसांना नुकसानभरपाईचा हक्क नोंदणी नसली तरी असतो, आणि तो दावा साधारणपणे दोन वर्षांच्या आत करावा लागतो. त्या वेळी सर्वांत मोठा प्रश्न हा असतो की तो माणूस त्या दिवशी त्या साइटवर होता हे सिद्ध कसे करायचे. म्हणून सकाळच्या फेरीनंतर, काम सुरू करण्याची परवानगी देण्यापूर्वी, अड्ड्यावरून एका दिवसासाठी आलेल्या माणसासह प्रत्येकाचे पूर्ण नाव, गाव आणि घरच्या एका माणसाचा फोन नंबर त्या दिवसाच्या पानावर लिहून घ्यावा, त्याची सही किंवा अंगठा घ्यावा, आणि ती वही साइटवर न ठेवता रोज आपल्याबरोबर घरी न्यावी.